नागपुरात बसून बर्फातल्या जहाजावर पीएचडी : नोंदणीपासून तोंडी परीक्षेपर्यंत

समुद्रावर गोठलेल्या बर्फातून जहाज जातं तेव्हा त्याला किती जोर लागतो, याचं गणित संगणकावर मांडणं हा माझ्या पीएचडीचा विषय. प्रवेश परीक्षा २०२१ च्या ऑगस्टमध्ये दिली, तोंडी परीक्षा २०२५ च्या ऑक्टोबरात झाली. मधला सगळा काळ हिंगणा रोडवरच्या एका खासगी कॉलेजात मेकॅनिकल शिकवत होते, त्यामुळे पीएचडी अर्धवेळ. सुरुवातीला मला फार वाटायचं, की असा लांबचा विषय आपल्या भागात राहून पुरा केलेलं कोणी भेटावं आणि त्याने सगळं क्रमाने, कागदांसकट आणि पैशांसकट सांगावं. तसं कोणी भेटलं नाही. म्हणून आता मीच लिहिते आहे.

विषय कुठून आला ते आधी सांगते, कारण पुढे समितीनेही तेच विचारलं. माझं एमटेकचं काम कोळशावर होतं. कोराडी, खापरखेड्यासारख्या वीजकेंद्रांत बंकरमधून खाली येणारा कोळसा कधी कधी कमान धरून अडकतो. तो कधी अडकेल हे डिस्क्रीट एलिमेंट मेथडने काढायचं होतं. कंडॉल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही पद्धत. प्रत्येक ढेकूळ वेगळं धरायचं, ते शेजारच्याला कुठे टेकतं ते शोधायचं, टेकल्या जागी स्प्रिंग आणि डॅम्पर (धक्का शोषणारा भाग) आहे असं मानून बळ काढायचं, न्यूटनच्या नियमाने ढेकूळ किंचित पुढे सरकवायचं, आणि हेच पुन्हा पुन्हा, लाखो वेळा. लॉकडाउनमध्ये वाचता वाचता लक्षात आलं की जहाजाभोवतीच्या बर्फाच्या लाद्यांसाठीसुद्धा जगभर हीच पद्धत वापरतात. फरक इतकाच की लादी पाण्यावर तरंगते आणि फार जोर आला की वाकून तुटते.

माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेले. त्यांनी दोन पेपर चाळले आणि म्हणाले, "समीकरणं तुला येतात, बर्फ येत नाही. सहा महिने फक्त बर्फ वाच, मग आराखडा लिही." हा सल्ला मी आजही कोणालाही देईन.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ गेला तो कॉलेजच्या ना-हरकत प्रमाणपत्रात. अर्धवेळ पीएचडीला ते लागतंच. कोर्सवर्कसाठी (पीएचडीच्या सुरुवातीचा सक्तीचा अभ्यासक्रम) सुटी मिळेल हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. नुसतं 'हरकत नाही' एवढंच लिहिलेलं पत्र विद्यापीठात परत येतं आणि पुन्हा सहीच्या रांगेत उभं राहावं लागतं. नोंदणी आणि पहिल्या वर्षाचं शुल्क मिळून तीस हजारांच्या आसपास गेले. पावत्या स्कॅन करून एका फोल्डरमध्ये तारखेनुसार ठेवा, प्रबंध जमा करताना सगळ्या वर्षांच्या पावत्या एकदम मागतात.

आराखडा संशोधन मान्यता समितीपुढे जानेवारी २०२२ मध्ये गेला आणि 'पडताळणीचा तपशील द्यावा' असा शेरा घेऊन परत आला. पुढची बैठक एप्रिलमध्ये. ते तीन महिने फार जड गेले. घरी सासऱ्यांनी काळजीने विचारलं होतं, "पोरी, नागपुरात बसून तू जहाजाचं काय करून राहिली? दुसरा विषय नाही का भेटत?" त्यांना मी समजावून सांगितलं, ते ऐकता ऐकता माझंच मांडणं नीट झालं, आणि तेच मी एप्रिलच्या बैठकीत वापरलं.

बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, "मॅडम, इथून समुद्र दिसत नाही, बर्फ पडत नाही. तुमचं उत्तर बरोबर आहे हे तुम्ही कशावरून म्हणणार?" प्रश्न अगदी योग्य होता. किंबहुना या विषयातला तोच मुख्य प्रश्न आहे, मग माणूस नागपुरात असो की हेलसिंकीत. समुद्राकाठी राहणाऱ्यालाही दहा हजार टनांचं जहाज घेऊन रोज बर्फात जाता येत नाही. मी सांगितलं की एस. ए. अगुल्हास दोन हे दक्षिण आफ्रिकेचं ध्रुवीय जहाज २०१२ मध्ये फिनलंडच्या राउमा इथे बांधलं गेलं, त्याच वर्षी मार्चमध्ये बोथनियाच्या आखातात त्याच्या बर्फातल्या चाचण्या झाल्या, आणि आल्टो व स्टेलेनबॉश विद्यापीठांच्या संशोधकांनी त्यावर पुष्कळ लिहिलं आहे. माझ्या मॉडेलची पडताळणी पायरीपायरीने होईल : आधी हाताने सोडवता येतील अशी गणितं, मग जुनी सूत्रं, मग अशा छापलेल्या चाचण्या.

उपयोगाबद्दलही विचारलं. १९८१-८२ पासून भारताच्या अंटार्क्टिक मोहिमा चालू आहेत, मैत्री आणि भारती ही दोन केंद्रं तिथे चालतात, आणि तिथे सामान न्यायला आपण बर्फात चालणारी परदेशी जहाजं भाड्याने घेतो. ध्रुवीय समुद्रात जाणाऱ्या जहाजांना १ जानेवारी २०१७ पासून पोलर कोड, म्हणजे तिथल्या जहाजांसाठीचे आंतरराष्ट्रीय नियम, लागू आहे. बैठकीच्या आदल्याच महिन्यात, मार्च २०२२ मध्ये, भारताचं आर्क्टिक धोरणही जाहीर झालं होतं. मंजुरी मिळाली. तुमचा विषय असा लांबचा असेल तर 'याचा आपल्याशी काय संबंध' याचं उत्तर पाच वाक्यांत, नावं आणि सालांसकट, तयार ठेवा. कोणी अडवायला विचारत नाही, त्यांना इतिवृत्तात काहीतरी लिहायचं असतं.

कोर्सवर्क झालं, परीक्षा झाली. त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही.

खरं काम सुरू झालं ते एका साध्या स्प्रेडशीटने. लिंडक्विस्ट यांनी १९८९ मध्ये जहाजाच्या बर्फातल्या प्रतिरोधाचं एक सुटसुटीत सूत्र दिलं. जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आधी बर्फाची कड ठेचते, मग आपल्या उताराने बर्फ खाली दाबून वाकवते आणि तोडते, आणि मग तुटलेले तुकडे पाण्याखाली ढकलत पुढे जाते. तीन कामं, तीन भाग. बर्फाची जाडी दुप्पट केली तर ठेचण्याचा भाग चौपट होतो, वाकवून तोडण्याचा पावणेतीनपटीहून थोडा जास्त, बुडवण्याचा दुप्पट. एक मीटर बर्फात पाच नॉट वेग धरला तर पहिले दोन भाग अगदी हळू चालण्याच्या मानाने दुपटीहून अधिक होतात. हे आकडे मी हाताने काढले आणि वहीत लिहून ठेवले. डिस्क्रीट एलिमेंटचा कोड लिहायच्या आधी हे करा असं मी आग्रहाने सांगेन. पुढे मोठं मॉडेल चालवून उत्तर येतं तेव्हा ते साधारण कुठल्या घरात असायला हवं हे आधी माहीत नसेल तर रंगीत चित्रं बघून समाधान होतं आणि हातात काही लागत नाही.

दुसरी गोष्ट बर्फाची ताकद. समुद्राचा बर्फ गोड्या पाण्याच्या बर्फासारखा एकसंध नसतो. गोठताना मीठ बाहेर फेकलं जातं, पण त्यातलं काही खाऱ्या पाण्याच्या बारीक कप्प्यांच्या रूपाने बर्फातच अडकतं. जितकी थंडी कमी, तितके हे कप्पे मोठे आणि बर्फ कमजोर. फ्रँकेन्स्टाइन व गार्नर यांच्या १९६७ च्या सूत्राने कप्प्यांचं प्रमाण निघतं आणि टिम्को व ओब्रायन यांच्या १९९४ च्या सूत्राने त्यावरून वाकताना तुटण्याची ताकद. क्षारता हजारी ५ धरा. तापमान उणे ५ असेल तर ताकद सुमारे ०.४६ मेगापास्कल येते, उणे १० असेल तर ०.६७. पाच अंशांत जवळजवळ दीडपट. पेपर वाचताना ज्याने बर्फाचं तापमान दिलेलं नाही त्याच्या आकड्यांशी तुलना करताना जपून राहावं लागतं, ते यामुळे.

मग कोड. २०२२ ची दिवाळी ते पुढचा फेब्रुवारी एवढा काळ मी जहाज आणलंच नाही. फक्त एक लादी पाण्यात सोडली. बर्फाची घनता ९००, समुद्राच्या पाण्याची १०२५, म्हणजे एक मीटर जाडीच्या लादीचा बारा सेंटीमीटर भाग वर राहायला हवा. तेवढा राहिला. मग दोन लाद्या एकमेकींवर आपटवल्या, संवेग जुळतो का पाहिला. मग एका टोकाला धरलेली बर्फाची पट्टी दुसऱ्या टोकाला दाबून तोडली. तिचं उत्तर पुस्तकातल्या तुळईच्या सूत्राने निघतं. या चाचण्यांची प्रत्येकी एक पानाची नोंद मी ठेवली : काय अपेक्षित, काय आलं, फरक किती. प्रबंधाचं तिसरं प्रकरण याच पानांतून तयार झालं. त्या दिवसांत सहामाही प्रगती अहवालात दाखवायला जहाजाचं एकही चित्र नव्हतं आणि मला संकोच वाटायचा. सरांनी तोच अहवाल पुढे एका नव्या विद्यार्थ्याला नमुना म्हणून दिला.

याच सुमारास धरमपेठेत राहणाऱ्या एका निवृत्त भूवैज्ञानिक काकांची ओळख झाली. ते अंटार्क्टिकाच्या भारतीय मोहिमेवर जाऊन आले होते. केपटाउनहून निघालेलं जहाज बर्फात शिरलं तेव्हाचं त्यांनी सांगितलं ते मी शब्दशः लिहून घेतलं : "अगं, जहाज सरळ चाललंय असं नसतंच. जातं, थांबतं, मागे येतं, पुन्हा धडक मारतं. बर्फावर भुसभुशीत हिमाचा थर असला की नुसतं चिकटून बसतं. आणि रात्रभर पत्र्याला घासत जाणारा आवाज. चार दिवस झोप नाही." हिमाच्या थराने घर्षण वाढतं हे पेपरांत वाचलं होतं. पण त्या दिवसापर्यंत घर्षणाचा गुणांक हा माझ्यासाठी यादीतला एक आकडा होता. घरी येऊन मी तो ०.०५ पासून ०.१५ पर्यंत बदलत सगळी गणितं पुन्हा चालवली. माझ्या जहाजासाठी उत्तर हलवणाऱ्या गोष्टींत जाडीनंतर त्याचाच नंबर लागला, आणि प्रबंधात त्याला स्वतंत्र प्रकरण मिळालं. तुमच्या विषयात प्रत्यक्ष वावरलेलं माणूस आसपास असेल तर एकदा भेटाच. नागपुरात अशी माणसं आहेत, विचारलं की सापडतात.

संगणकाचं सांगते. कॉलेजच्या लॅबमधली यंत्रं दिवसा मुलांना लागतात. घरी यंत्र जोडून घेतलं, सगळं मिळून एक लाख चाळीस हजार, त्यात ग्राफिक्स कार्डचेच पन्नास हजार. यूपीएस वेगळा, नऊ हजारांचा. स्प्रिंगची ताठरता जास्त असल्याने वेळेची पायरी मिलिसेकंदापेक्षाही लहान ठेवावी लागते, त्यामुळे जहाज काही शे मीटर पुढे न्यायला यंत्र दिवसेंदिवस चालतं. आणि मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर. दुपारी कार्ड तापलं की ते स्वतःच वेग कमी करतं, त्यामुळे मी दुपारी फक्त निकाल बघायची आणि गणितं रात्री दहानंतर लावायची. वाळ्याच्या कूलरचा झोत यंत्रावर थेट येऊ देऊ नका, ओलसर हवेने आतले भाग खराब होतात. दर तासाला सगळी स्थिती फाइलमध्ये लिहिली जाईल अशी सोय कोडमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा, म्हणजे वीज गेली तरी तासाभराचंच नुकसान. एप्रिल ते जूनचं वीजबिल नेहमीपेक्षा हजार-बाराशेने जास्त यायचं.

२०२३ च्या पावसाळ्यात पहिल्यांदा पूर्ण जहाज लाद्यांमधून चाललं. पाण्याचा अर्धाच भाग बर्फाने झाकलेला असेल तर लाद्या बाजूला होतात आणि प्रतिरोध फारसा वाढत नाही. झाकलेला भाग ऐंशी-नव्वद टक्क्यांवर नेला की चित्र पालटतं. लादीला लादी टेकते, बळाची साखळी नाळेपासून थेट टाकीच्या भिंतीपर्यंत जाते (मॉडेलमधलं पाणी, जहाज आणि लाद्या ज्यात असतात ती संगणकातली टाकी). हीच साखळी मी कोळशाच्या बंकरमध्ये पाहिली होती, कमान धरते ती हीच. त्या रात्री मी किती तरी वेळ तो एकच निकाल बघत बसले होते. पण इथेच एक धोका आहे. साखळी भिंतीपर्यंत जात असेल तर उत्तर जहाजाचं आहे की भिंतीचं? खुल्या समुद्रात भिंत नसते. म्हणून टाकीची रुंदी वाढवत नेऊन उत्तर कुठे स्थिरावतं ते पाहावं लागलं. रुंदी वाढली की लाद्या वाढतात, लाद्या वाढल्या की रात्री वाढतात. तो पावसाळा आणि हिवाळा त्यातच गेला.

आमच्या तुकडीला २०१६ चे नियम लागू होते, म्हणजे प्रबंधाआधी निदान एक शोधनिबंध छापून यायला हवा आणि दोन परिषदांत सादरीकरण. परिषदांपैकी एक ऑनलाइन केली, विद्यार्थ्यांसाठीचं शुल्क बरंच कमी असतं. शोधनिबंध जानेवारी २०२४ मध्ये पाठवला. लेखकाकडून पैसे न घेणारं नियतकालिक निवडलं, तशी चांगली नियतकालिकं अजूनही आहेत. जूनपर्यंत काहीही कळलं नाही. अशा वेळी दर आठवड्याला पोर्टल उघडून मन खट्टू करून घेण्यापेक्षा मी पुढचं प्रकरण लिहायला घेतलं.

परीक्षकांचे शेरे आले तेव्हा पहिलाच होता : वेळेची पायरी अर्धी केली तर उत्तर बदलतं का? दुसरा, बोथनियाच्या चाचण्यांशी तुलना करताना बर्फाची ताकद कुठून घेतली? दोन्हींची उत्तरं माझ्या एकपानी नोंदींत तयार होती. एका आलेखातले मोजलेले बिंदू मला नीट वाचता येत नव्हते म्हणून मी मूळ लेखकांना ईमेल केलं होतं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, सोबत आकड्यांची फाइल. परदेशातल्या माणसाला लिहायला फार संकोचू नका. आपण कोण, नेमकं काय हवं, कशासाठी हवं, एवढं सात-आठ ओळींत लिहावं. नोव्हेंबरात निबंध स्वीकारला गेला. त्या दिवशी कॉलेजात सत्राच्या परीक्षा चालू होत्या, पर्यवेक्षण संपवून मग घरी फोन केला.

पुढचं सगळं कागदांचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रबंधपूर्व सादरीकरण. मग साम्य तपासणी, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना ते पाहणं : दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. स्वतःचाच छापलेला निबंध त्यात मोजला जातो का हे ग्रंथालयात आधीच विचारून, तो वगळल्याची नोंद प्रमाणपत्रावर करून घ्या. एप्रिलमध्ये प्रबंध जमा केला. छपाई आणि बांधणीला प्रत्येक प्रतीमागे आठशे रुपये लागले. मराठीत गोषवारा द्यायची सक्ती नव्हती, तरी मी दिला.

त्यानंतर बाहेरच्या परीक्षकांच्या अहवालांची वाट. पाच महिने. या काळात करण्यासारखं काहीच नसतं, आणि हाच भाग मला सगळ्यात अवघड गेला. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकदा, तेवढंच, परीक्षा विभागात फोन करायचा असं ठरवलं आणि पाळलं. एक अहवाल जुलैत आला, दुसरा सप्टेंबरात.

तोंडी परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. सासरे आले होते, धरमपेठेचे काकाही. परीक्षकांनी पहिला प्रश्न टाकीच्या भिंतीचा विचारला, दुसरा घर्षणाचा. तिसरा असा की माझं मॉडेल कुठे वापरू नये. मी सांगितलं : दाबाखाली रचल्या गेलेल्या बर्फाच्या कड्यांत नाही, अनेक वर्षं जुन्या बर्फात नाही, आणि मागे येऊन धडक मारणाऱ्या जहाजासाठी नाही. या तिन्ही मर्यादा प्रबंधात आधीच लिहिल्या होत्या, आणि त्यावर चर्चा बराच वेळ चालली. मागच्या बाकावरून काकांनी हात वर करून धडकेबद्दलच विचारलं. परीक्षकांनी त्यांना पुढे बोलावलं आणि पुढची दहा मिनिटं तेच बोलले.

पीएचडी मिळाल्याची विद्यापीठाची अधिसूचना तीन आठवड्यांत निघाली. पदवी प्रमाणपत्रासाठी दीक्षान्त समारंभाचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि त्याची मुदत अधिसूचनेच्या तारखेशी जोडलेली नसते, त्यामुळे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. तोवर नोकरीच्या कामासाठी तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढवण्यासाठीची पीडीएफ प्रकरणवार तुकडे करून मागतात, ती आधीच तशी करून ठेवा. लादीच्या, टकरीच्या आणि पट्टीच्या त्या छोट्या चाचण्यांच्या फाइल मी शेवटच्या परिशिष्टात दिल्या आहेत, कोणाला सुरुवात करायची असेल तर तिथून करता येईल. धडकेचं गणित मी या डिसेंबरात सुरू करते आहे.